दानाची वस्तू आणि दुकानाचा हिशेब

आगमनकाळ जवळ आला की आपल्या परिसरातील छोट्या दुकानांचे रूप पालटते. एरवी शिवणाचे सामान, वह्या-पेने किंवा भेटवस्तू विकणाऱ्या दुकानात कागदी तारे लटकू लागतात. गोठ्यातील मूर्ती, घरी ओतलेल्या मेणबत्त्या, मण्यांच्या जपमाळा, क्रोशाचे रुमाल पुढे मांडले जातात. हल्ली त्यांतील काही वस्तूंवर एक चिठ्ठीही चिकटवलेली दिसते : 'या विक्रीतील रक्कम अनाथ मुलांसाठी', 'आपली खरेदी, गरिबांना मदत'. ते पाहून हस्तकलेचे छोटे दुकान चालवणारी एखादी भगिनी विचारते, आपणही अशी वस्तू ठेवावी का? आणि मग आवाज जरा खाली आणून विचारते, पण परवडेल का?

हा दुसरा प्रश्न विचारताना तिला संकोच वाटतो. दानाच्या गोष्टीत पैशाचा विचार कसला, असे कोणी म्हणेल, ही भीती असते. आम्हाला मात्र वाटते की, तोच प्रश्न आधी विचारायला हवा, आणि तोही मोठ्या आवाजात. दुकान म्हणजे केवळ काचेचे कपाट नव्हे. त्या गल्ल्यावर मुलांची फी, सासूबाईंची औषधे, कर्जाचा हप्ता आणि मदतीला येणाऱ्या मुलीचा पगार अवलंबून असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात प्रेमकार्याबद्दल बोलताना एक पथ्य सांगितले आहे. न्यायाने जे देणे लागते ते आधी चुकते करावे, नाहीतर जे दुसऱ्याच्या हक्काचे आहे तेच आपण दया म्हणून त्याच्या हातावर ठेवू. मदतनीस मुलीचा दोन महिन्यांचा पगार थकवून अनाथाश्रमाला धनादेश देणारे दुकान या पथ्यात बसत नाही, मग त्या धनादेशाचा फोटो कितीही सुंदर येवो.

तेव्हा आधी हिशेब करू. समजा, दुकानात १५० रुपयांची एक मेणबत्ती आहे. मेण, वात, रंग, सुगंध यांचे ७० रुपये गेले. ओतणाऱ्या बाईंची मजुरी ३० रुपये. जागेचे भाडे, वीज, खोका, मोडतोड यांचा वाटा २५ रुपये. दुकानदाराच्या हाती राहिले २५ रुपये. आता तिने चिठ्ठी लावली, 'विक्रीतील १० टक्के रक्कम गरजूंसाठी'. ऐकायला १० टक्के म्हणजे थोडेच. पण १५० चे १० टक्के म्हणजे १५ रुपये, आणि ते जाणार त्या २५ मधून. तिला उरले १०. पूर्वी १०० मेणबत्त्या विकून नाताळात २,५०० रुपये सुटत असतील, तर तेवढेच सुटण्यासाठी आता २५० मेणबत्त्या विकाव्या लागतील. आपल्या गावात, तीच घरे, तीच गिऱ्हाईके, तोच नाताळ. चिठ्ठी लावल्याने अडीचपट माणसे दुकानात येतील का? सहसा येत नाहीत. जी बाई साधी मेणबत्ती घेणार होती, ती चिठ्ठीची घेते, एवढाच फरक पडतो.

हाच मजकूर एका शब्दाने बदलून पाहा : 'नफ्यातील १० टक्के'. मग दान होते अडीच रुपये. विक्रीतील आणि नफ्यातील, या दोन शब्दांत सहापट अंतर आहे, आणि घाईत खरेदी करणाऱ्या माणसाला ते कळत नाही. 'रकमेचा काही भाग' असे लिहिले तर विचारूच नका. काही भाग म्हणजे पाच पैसेही होतात.

आणखी एक खर्च आहे, तो कोणी धरत नाही. ज्या वस्तूवर कार्याचे आणि वर्षाचे नाव छापले, ती जानेवारीत विकली जात नाही. १०० पैकी ४० मेणबत्त्या उरल्या तर साहित्य आणि मजुरी मिळून ४,००० रुपये त्यांत अडकून पडले. सगळ्या विकल्या गेल्या असत्या तरी त्यातून जेवढे सुटले असते, त्याहून ही रक्कम मोठी आहे.

मग मोठ्या कंपन्यांना हे कसे परवडते? अमेरिकेत १९८३ साली अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी जाहीर केले की, आमचे कार्ड प्रत्येक वेळी वापरले की आम्ही १ सेंट देऊ आणि नवे कार्ड घेतले की १ डॉलर. त्यातून सुमारे १७ लाख डॉलर उभे राहिले, आणि कार्डांचा वापर २८ टक्क्यांनी वाढला. आपल्याकडे मुलांच्या 'क्लासमेट' वह्यांवर, दर ४ वह्यांमागे १ रुपया समाजकार्याला, असे छापलेले आपण वाचले असेल. एका वहीमागे २५ पैसे! लाखो वह्या खपतात तेव्हा त्या २५ पैशांचे डोंगर होतात. शिवाय कंपनीला जाहिरात करायचीच असते; दान हा त्या जाहिरातीच्या खर्चाचा एक भाग असतो. आपल्या भगिनीकडे ना लाखो वह्या, ना जाहिरातीचे खाते. तिने मोठ्यांची ही चाल उचलली, तर डोंगराऐवजी खड्डा होण्याचीच शक्यता अधिक.

(युनिसेफची किंवा 'क्राय'ची शुभेच्छापत्रे अनेकांना आठवतील. १९७९ साली रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी ५० रुपयांवर 'क्राय' सुरू केली, आणि कार्डांच्या विक्रीने तिला मोठा आधार दिला. पण तिथे संस्था स्वतःच विक्रेती होती. तिला त्या विक्रीवर कोणाचे घर चालवायचे नव्हते. दुकानदाराचे तसे नाही.)

हाताने केलेल्या वस्तूची आणि दानाची एक गोष्ट मात्र आम्हाला फार बोलकी वाटते. कर्करोगाच्या जागृतीची गुलाबी फीत आज जगभर दिसते. तिच्या आधी एक फिकट केशरी-गुलाबी, पीच फळाच्या रंगाची फीत होती. चार्लट हेली नावाच्या ६८ वर्षांच्या अमेरिकन बाई आपल्या जेवणाच्या टेबलावर त्या फिती करीत. त्यांच्या घरातील बायकांना स्तनाच्या कर्करोगाने गाठले होते. पाच-पाच फिती एका कार्डाला लावून त्या वाटत. कार्डावर पैशाची मागणी नव्हती. सरकारी कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातील फक्त ५ टक्के रक्कम रोग टाळण्याच्या कामावर खर्च होते, ती वाढवायला आपल्या लोकप्रतिनिधींना सांगा, एवढेच त्यावर होते. १९९२ साली एक मासिक आणि एक सौंदर्यप्रसाधनांची कंपनी त्यांच्याकडे आली : फीत आम्हाला द्या, आपण ती देशभर नेऊ. हेलीबाईंनी नकार दिला. हे फार व्यापारी होईल, असे त्यांना वाटले. वकिलांनी मासिकाला सल्ला दिला, रंग बदला. म्हणून फीत गुलाबी झाली आणि पुढे तिचा केवढा बाजार भरला, ते आपण पाहतोच. त्या बाजारातून संशोधनाला पुष्कळ पैसा मिळाला, हे नाकारता येणार नाही. पण कार्डावरचा तो मूळ प्रश्न, आमचा पैसा कुठे खर्च होतो, हा मात्र फितीबरोबर पुढे गेला नाही. वस्तू खपू लागली की कार्य मागे पडते, हा धोका हेलीबाईंनी आधीच ओळखला होता.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. चिठ्ठी लावलेली वस्तू घेणारा माणूस दोन गोष्टी एकदम करतो : मेणबत्ती विकत घेतो आणि दान देतो. त्यातील किती पैसे मेणबत्तीचे आणि किती दानाचे, हे त्याला ठाऊक नसते. ते दुकानदाराला ठाऊक असते. सगळी गोम इथे आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा आपल्याला माहीत आहेत. त्यांनी जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि बाकीचे प्रेषितांच्या चरणी आणून जणू सगळे दिले असे भासवले. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट ऐकली की, पैसे मागे ठेवले म्हणून शिक्षा झाली, असे वाटे. पण पेत्र काय म्हणतो ते नीट पाहावे. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते, असे तो हनन्याला सांगतो. म्हणजे मागे ठेवण्याला कोणाची हरकत नव्हती. दोष खोट्या देखाव्याचा होता. दुकानदाराने मेणबत्तीमागे १० रुपये स्वतःसाठी ठेवणे, यात काहीही पाप नाही. ती तिची कमाई आहे. पण अडीच रुपये देऊन सगळे दिल्याचा भास करणे, हे हनन्याच्या वाटेने जाणे आहे. म्हणून चिठ्ठीवर टक्के नकोत, रुपये हवेत : या मेणबत्तीमागे ५ रुपये अमुक संस्थेला. पाच म्हणजे पाच. गिऱ्हाइकाला ते थोडे वाटले, तर वाटू द्यावे.

काही जण दुसरा मार्ग काढतात. १५० ची मेणबत्ती १७० ला ठेवतात आणि वरचे २० दानाला देतात. हे सरळ सांगितले तर प्रामाणिकच आहे. पण मग दान गिऱ्हाइकाचे, दुकान फक्त पोस्टमन. पोस्टमनने आपल्या नावाचा फलक लावू नये. इथे कराचाही एक बारकावा आहे. ते पैसे दुकानाच्या नावाने संस्थेला दिले तर पावती दुकानाच्या नावाची येते, आणि जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या दुकानदाराला '८० जी' म्हणून आपण ओळखतो ती सवलत मिळू शकते, तीही गिऱ्हाइकाच्या पैशावर. (नव्या करपद्धतीत ही सवलत नाही, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती कोणत्याच पद्धतीत नाही.) आणि गल्ल्याजवळ देणगीचा डबा ठेवायचा विचार असेल, तर त्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी कलम ४१ क खाली जी परवानगी काढतात, ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या याच कायद्यातील आहे. चांगल्या हेतूने ठेवलेला डबाही लोकांच्या पैशाचा डबा असतो.

आणखी एक गोष्ट हस्तकलेच्या दुकानांना विशेष लागू पडते. पुष्कळदा 'गरजू' म्हणजे वस्तू करणारी बाईच असते. विधवा भगिनीने शिवलेली पिशवी, अपंग मुलाने रंगवलेले कार्ड. 'यांना मदत म्हणून घ्या' असे सांगून ती विकली जाते. पहिली पिशवी दयेपोटी खपते. दुसरी? दयेने घेतलेली पिशवी लोक कपाटात ठेवतात. आवडलेली पिशवी रोज बाजारात नेतात, आणि शेजारीण विचारते, कुठून आणली?

मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. ते आजचे लिज्जत. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असे त्यांनी आरंभीच ठरवले. लिज्जत पापड कोणी गरीब बायकांवर दया म्हणून घेत नाही. पापड चांगला म्हणून घेतो. तोंडाने किंवा पायाने चित्रे काढणाऱ्या चित्रकारांची १९५६ साली युरोपात स्थापन झालेली संघटना आहे. तिची कार्डे आपल्याकडेही टपालाने येत. आम्हाला दया नको, आमच्या कामाचे मोल द्या, असेच त्यांचेही म्हणणे. आपल्या जवळचे उदाहरण अंधेरीचे. तिथे सिस्टर इझाबेल मार्टिन यांनी १९८४ साली झोपडपट्टीतील स्त्रियांना हाताशी धरून 'क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स' उभे केले. तिथल्या बायकांची शिवण परदेशी बाजारात गेली ती रास्त व्यापाराच्या रीतीने, म्हणजे काम करणारीला योग्य मजुरी आधी, दर नंतर. अशा ठिकाणी दानाची चिठ्ठी लावणे म्हणजे चांगल्या कारागिराला भिकेच्या रांगेत उभे करणे होय. त्या वस्तूच्या चिठ्ठीवर तिने काय केले आहे ते लिहावे. तिला काय कमी आहे ते लिहू नये.

मग अशी वस्तू ठेवूच नये का? तसे नाही. काही वेळा ती खरोखर जमून येते. दुकानात तुकडे-कापड, उरलेले मेण, सुटे मणी पडून असतात. त्यांपासून केलेल्या छोट्या वस्तूला साहित्याचा खर्च जवळजवळ नसतो, मजुरी चुकती केली की उरलेले खुशाल देता येते. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते, हात रिकामे असतात. त्या दिवसांत केलेले ३० तारे नेहमीच्या विक्रीच्या आड येत नाहीत. किंवा ऑर्डर आधी घेतली : शाळेने ५० कार्डे सांगितली, एखाद्या मंडळाने सणाला द्यायला मेणबत्त्या मागितल्या. मग माल उरण्याची भीती नाही, आणि दुकानात कधी न आलेली माणसे या निमित्ताने येतात. असे नवे गिऱ्हाईक आले तर धंद्याच्या दृष्टीनेही त्यात अर्थ आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. वस्तू एकच ठेवावी, थोडी ठेवावी, आणि शेवटची तारीख ठरवावी. दुकानातील प्रत्येक फडताळावर एकेक कार्य लटकू लागले, तर गिऱ्हाईक काही न घेताच अपराधी मनाने बाहेर पडते. असली दुकाने आम्ही पाहिली आहेत.

या सगळ्यात आम्हाला संत पौलाचा फार आधार वाटतो. तो तंबू बनवणारा कारागीर होता. करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहून तो हाच धंदा करी. त्याच पौलाने यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी मोठी वर्गणी जमवली. म्हणजे कारागिरी आणि निधी, दोन्ही एकाच माणसाच्या हातात! पण त्याने ती कशी हाताळली पाहा. गरिबांचे नाव सांगून तंबू विकल्याचे कुठे वाचायला मिळत नाही. तंबू पोटासाठी. वर्गणीसाठी त्याने करिंथकरांना सांगितले की, प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. पुढे ती रक्कम नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषितालासुद्धा साक्षीदार लागले! छोट्या दुकानाला हे सहज जमण्यासारखे आहे : गल्ल्यातून वेगळी काढलेली एक पाकीटवजा पिशवी, किती वस्तू विकल्या त्याची वहीतील नोंद, आणि पैसे देताना सोबत दुसरे कोणीतरी. जानेवारीत संस्थेची पावती दुकानाच्या दारावर लावली की चिठ्ठी लावण्याचा हक्क पूर्ण झाला.

इथे कोणी हटकेल, आणि रास्तपणे हटकेल : उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूने सांगितले, आणि तुम्ही दारावर पावती लावायला सांगता? आम्हीही यावर बराच विचार केला. ज्या दानात गिऱ्हाइकाचा पैसा आहे, त्याचा हिशेब त्याला दाखवणे म्हणजे कर्णा वाजवणे नव्हे. ते देणे आहे. म्हणून पावतीवर संस्थेचे नाव आणि रक्कम दिसावी. दुकानाचे नाव तिथे ठळक करायचे कारण नाही. जे दान निव्वळ दुकानदाराच्या कमाईतून आहे, त्याला मात्र प्रभूचे ते वचन पूर्णपणे लागू आहे, आणि त्यासाठी कोणतीही वस्तू, कोणतीही चिठ्ठी लागत नाही. वर्षअखेरीस वही मिटताना जे सुटले त्यातून काही रक्कम पाकिटात घालून गरजवंताच्या घरी पोचवणारे दुकानदार आपल्या धर्मग्रामात आहेत. धंद्याला त्याचा पैचाही फायदा होत नाही. ते कोण, हे आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी इथे छापले नसते.